ठिणगीपुरतं अंतर

बेटेगावात बेट नाही. नावातली ही थट्टा कुणी आणि कधी केली ते ठाऊक नाही, पण गाव ती मुकाट्याने सोसत आलं आहे. बोईसरहून चिल्हारकडे निघालेल्या रस्त्यावर, जड वाहनांच्या धुळीत हे गाव बसलेलं. समुद्र आहे तो पार पश्चिमेला, आणि त्याच्या-आमच्या मध्ये रेल्वेचे रूळ, बोईसरचा बाजार, तारापूर एमआयडीसीच्या चिमण्या असा मोठा गोतावळा. समुद्रावरचा वारा आमच्या ओटीपर्यंत पोचतो खरा, पण वाटेत त्याने इतक्या गोष्टींचे वास उचललेले असतात की त्यातलं मीठ वेगळं ओळखू येत नाही. अशा या कोरड्या गावात, तुळशीवृंदावनापासून चार पावलांवर, पाण्याने भरलेल्या एका निळ्या पिंपाच्या काठाला गेली दोन वर्षं होडीचं एक जुनं मशीन लटकलेलं आहे. नवा पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा आधी मशीनकडे, मग पिंपाकडे, मग आभाळाकडे बघून त्याने विचारलं होतं, ‘‘पाऊस फार होतो का हो इथे?’’

हे मशीन माझ्या आजोळचं, नवापूरचं. होडीच्या पोटात बसणारं नव्हे. मागच्या फळीला दोन मळसूत्रांनी आवळून टांगायचं आणि काम झालं की खांद्यावर टाकून घरी न्यायचं, अशा जातीचं. वरती पितळी टाकी, तिच्याखाली उघडंच गरगरणारं लोखंडी चाक, मग लांब नळी आणि शेवटी पंखा. लांबून पाहिलं तर करकोचा मान पोटात घालून एका पायावर उभा असल्यासारखं दिसतं. नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारातून आणलं होतं. मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजाच्या लहान होडीचं ते असावं. नावाची पट्टी खाऱ्या हवेने पुसून टाकलेली, त्यामुळे त्याचे विलायतेतले जन्मदाते कोण हे आम्हाला कळलं नाही, आणि पुढे त्याने जे गुण उधळले ते ऐकून घेण्यापासून त्यांचीही सुटका झाली. नाना त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणत. घरात शिवणयंत्रही होतं, पण ते ‘शिलाईचं’. बिनविशेषणाचा मान या एकट्याचा.

नाना गेले, मशीन मामाकडे आलं आणि त्यानंतर एका दिवाळीत घडलेल्या घटनेमुळे आमच्या घराण्याच्या इतिहासात त्याला आरोपीचं किंवा साक्षीदाराचं स्थान मिळालं. त्या वर्षी मामा भाऊबीजेला आला नाही. समुद्रात मशीन बंद पडलं, दोरी ओढून ओढून हात सोलले, शेवटी वल्ह्यांवर किनारा गाठला तेव्हा रात्र उलटून गेली होती, असं त्याचं म्हणणं. ‘‘मशीन बंद पडलं ते समजलं. पाय कसे बंद पडले? दुसऱ्या दिवशी यायचं,’’ हे आईचं म्हणणं. यावर मामाकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, तो रुसला. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. त्याऐवजी दोघं एकमेकांशी फार चांगलं वागू लागली. लग्नकार्यात भेटली की ‘बरी आहेस ना बाय?’, ‘बरी आहे, तू?’ एवढी देवाणघेवाण व्हायची आणि दोन्ही बाजूंचा साठा संपायचा.

दोन वर्षांपूर्वी नवापूरचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरचं मशीन एका टेम्पोत घालून मामा आमच्याकडे आला. ‘‘चार दिवस ठेव,’’ तो मला म्हणाला. आईकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने त्याने पुढे जोडलं, ‘‘चालतं का बघू तरी.’’ तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. मशीन दुरुस्त व्हावं ही त्याची इच्छा मनापासूनची होती. तरी दोरी ओढल्यावर त्यातून नुसतं ‘फस्स’ झालं की त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान तरळून जायचं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकून तो म्हणायचा, ‘‘बघ, तेव्हाही असंच!’’ म्हणजे मशीन सुरू झालं तर मामाची कारागिरी सिद्ध होणार होती आणि नाही झालं तर मामाचा निर्दोषपणा. इतक्या सुरक्षित जागी उभं राहून काम करण्याचं भाग्य सहसा मेकॅनिकला लाभत नाही.

मी जन्मभर एका कारखान्यात हिशेबाची पुस्तकं सांभाळली. यंत्रातलं मला समजतं ते त्याच्या किमतीपुरतं. पण अंगणात बिघडलेलं यंत्र उभं असलं की माणूस तज्ज्ञ व्हायला वेळ लागत नाही, आणि आमच्याकडे तर तज्ज्ञांची रीघच लागली. निवृत्त फिटर आले, रिक्षावाले आले, पंप दुरुस्त करणारा आला. जो तो आपापल्या धंद्यातला आजार मशीनमध्ये शोधी. सातपाटीला मोठ्या बोटींची इंजिनं बघणारा मामाचा एक दोस्तही येऊन गेला. त्याने मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि दुःखाने मान हलवली. ‘‘याला ठिणगी लागते. आमच्या डिझेलला नाही लागत.’’ हे त्याने असं सांगितलं, जणू डिझेल निर्व्यसनी आहे. पण ते खरं होतं. डिझेलच्या इंजिनात हवा दाबून दाबून इतकी तापवतात की तेलाचा फवारा आत शिरताच आपोआप पेट घेतो. सोसून सोसून एके दिवशी भडकणारी माणसं असतात, त्यातला हा प्रकार. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव वेगळा. त्यात कुणीतरी काडी लावावी लागते. आमच्या मशीनला काडी लावणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच निदान त्या दिवशी पक्कं झालं.

मागे टांगायच्या या यंत्राची जी जन्मकथा अमेरिकेत सांगतात, तिच्या मुळाशीही भाऊबीजेइतकंच घरगुती काहीतरी आहे. ओल एव्हिनरूड नावाचा एक नॉर्वेत जन्मलेला कारागीर विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी उन्हाळ्यात सहलीला गेला होता. बरोबरच्या बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीम हवंसं वाटलं. तो वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला, तोवर त्याचं दूध झालेलं. त्या वितळलेल्या आइस्क्रीममधून इंजिनाची कल्पना निघाली, असं सांगतात. पुढे बेसशी त्याचं लग्न झालं. यंत्र पहिल्यांदा बघून ती म्हणाली की हे तर कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसतंय. पण 1909च्या सुमारास धंदा सुरू झाल्यावर वल्ही फेकून द्या म्हणून लोकांना सांगणारी जाहिरात लिहिली तीही तिनेच. ही गोष्ट मी मामाला सांगितली तेव्हा त्याला आइस्क्रीमचं नवल वाटलं नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यासुद्धा बर्फाशीच शर्यत लावून घरी येतात. पापलेट ताजं तर भाव, बर्फ वितळला की भावही वितळला. ‘‘म्हणजे बायकोसाठी केलं त्याने,’’ मामा म्हणाला आणि थोडा वेळ गप्प राहिला. ‘‘बहिणीसाठी कोणी काही शोधलं नाही का रे?’’

मी पुस्तकी माणूस, म्हणून मामा दोरी ओढी आणि मी ठिणगीमागचं शास्त्र वाची. या मशीनला बॅटरी नाही. चाकात चुंबक बसवलेले असतात. दोरी ओढली की चाक फिरतं, चुंबक तारेच्या गुंडाळीजवळून म्हणजे कॉईलजवळून धावत जातात आणि तारेत वीज उभी राहते. फॅरडेने 1831 साली दाखवलेली किमया ती हीच. पण नुसती ही वीज दुबळी; तिच्याने काही पेटत नाही. म्हणून वाटेत ‘पॉईंट’ नावाची दोन चिमुकली धातूची टोकं ठेवलेली असतात, एकमेकांना ओठ टेकवल्यासारखी. ती टेकलेली असतात तोवर विजेचा प्रवाह सुखाने वाहत असतो. तो ऐन भरात आला की चाकाखालचा उंचवटा त्या टोकांना अलग करतो. प्रवाह अचानक तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉईलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब उसळतो. तो प्लगच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर हवा ओलांडून उडी मारतो. तीच ठिणगी. म्हणजे आपण समजतो तसं नाही. ठिणगी जोडण्यातून येत नाही, तुटण्यातून येते. मात्र तुटण्याआधी नीट टेकलेलं असावं लागतं. आणि तुटायचं तेही किती, तर पॉईंटमध्येही जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे अंतर कमी पडलं तर ठिणगी लुळी, जास्त झालं तरी लुळीच. एवढं वाचून मी चष्मा काढला. खिडकीतून आई दिसत होती, अंगणात मामा, आणि त्यांच्यामधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून पुष्कळ जास्त होतं.

संशयितांची यादी तयार झाली. पहिला प्लग. तो बिचारा सगळ्यांत वर, सगळ्यांना दिसणारा, म्हणून पहिला मार त्यालाच. आमच्या पिढीने हे स्कूटरवर शिकून घेतलेलं आहे. सकाळी ऑफिसला निघताना स्कूटर एका अंगावर कलती करायची, सरळ करायची, मग किक मारायची. तरीही नाही तर खिशातला पाना काढून भर रस्त्यात प्लग खोलायचा, त्यावरचा कार्बन दगडावर खरवडायचा आणि फुंकर मारायची. त्या फुंकरीने नेमकं काय साधत असे हे मला अजून उमगलेलं नाही. लहान मूल पडल्यावर त्याच्या गुडघ्यावर आपण जी घालतो तीच ती असावी. मामाने नवा प्लग आणला. फरक पडला नाही. मग कंडेन्सर, पॉईंट उघडताना त्यांच्यातच वीज जळून जाऊ नये म्हणून ती क्षणभर सांभाळून धरणारी ही एवढीशी डबी. एका जुन्या मोपेडची डबी त्या जागी बसली, पण मशीन गप्पच. मग कॉईल. तिच्यात ओल शिरली असेल म्हणून तिला ऊन दाखवायचं ठरलं. गच्चीवर आईचे उडदाचे पापड वाळत होते. मामाने त्यांच्याच शेजारी, त्याच धोतराच्या कोपऱ्यावर कॉईल ठेवली. संध्याकाळी आईने पापड मोजून डब्यात भरले आणि कॉईल आमच्या हातात देत इतकंच म्हणाली, ‘‘ही उलटायची राहिली.’’

नानांची तपासणीची पद्धत अधिक थेट होती. मी सात-आठ वर्षांचा असताना सुट्टीत नवापूरला गेलो होतो. पुळणीवर उपडी घातलेली होडी, बांबूंवर टांगलेले बोंबील, आणि मशीनपुढे उकिडवे बसलेले नाना. ‘‘ही वायर धर जरा,’’ त्यांनी प्रेमाने सांगितलं. मी धरली. त्यांनी दोरी ओढली. मी जो उडालो तो मागच्या जाळ्यावर जाऊन बसलो. ‘‘करंट आहे,’’ नाना समाधानाने म्हणाले आणि दुसरं काहीतरी खोलू लागले. पुढे कितीतरी दिवस आपल्याला ठिणगी लागली आणि मशीनला नाही, याचा मला फार अभिमान वाटत असे. रात्री आजीने हाताला खोबरेल चोळलं, नानांनी दुसऱ्या दिवशी मला त्या होडीतून खाडीच्या मुखापर्यंत नेलं. दूर उत्तरेला तारापूरच्या अणुविद्युत केंद्राची उंच चिमणी दिसत होती. ‘‘तिथे बॉम्बच्या मसाल्यावर पाणी उकळतात,’’ नानांनी माहिती पुरवली, ‘‘आणि चाक फिरवतात.’’

ते फारसं चूक नव्हतं, हे मला आता कळतं. देशातलं ते पहिलं अणुविद्युत केंद्र, 28 ऑक्टोबर 1969 पासून रीतसर वीज देऊ लागलेलं. तिथे अणू फोडून पाण्याची वाफ करतात, वाफ टर्बाइन फिरवते, आणि चुंबक आणि तार यांच्या शेजारातून वीज उभी राहते. नानांच्या मशीनमध्ये अणूच्या जागी नानांचा दंड होता. बाकी चाक, चुंबक आणि तार तीच. इतक्या जवळ एवढं मोठं चाक अहोरात्र फिरतंय आणि आपल्याला चिमूटभर ठिणगी मिळत नाही, याचं मामाला वैषम्य वाटे. जावयाच्या घरी पंगत उठतेय आणि आपल्याला साधं ताक कोणी विचारत नाही, अशा चेहऱ्याने तो पश्चिमेकडे बघायचा.

शेवटी एका रविवारी चाकाखालचे पॉईंट उघडे केले. त्यांच्यावर राखाडी बुरशीसारखा थर होता. मामाने पॉलिश पेपरने ते चकचकीत घासले, अंतर नजरेने बसवलं, चाक चढवलं, दोरी ओढली, काही नाही. तो मे महिन्याच्या अखेरचा दिवस होता, पावसाआधीचा वारा सुटलेला. मामा नानांची अवजारांची पत्र्याची पेटी उपसत बसला. तळाशी, गंजलेल्या पान्यांखाली, तेलाने तपकिरी झालेली जाड कागदाची एक पट्टी निघाली. ‘‘अरे, नानांचं माप!’’ तो उद्गारला. नानांकडे अंतर मोजायचा फीलर गेज नव्हता. ही पट्टी दुहेरी केली की पॉईंटमधलं बरोबर अंतर, आणि एकेरी ओढली की पॉईंटची सफाई, असा त्यांचा हिशेब. मी ती उजेडात धरली. पोस्टकार्डाची कापलेली पट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईत तीन अर्ध्यामुर्ध्या ओळी होत्या, आणि अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. किराणामालाच्या यादीत ते मी दर महिन्याला वाचतो.

आई बाहेर आली. तिने पट्टी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. ‘‘इकडे सगळे बरे आ,’’ तिने वाचलं. पुढचं ‘हेत’ कात्रीने नेलं होतं. लग्न होऊन ती बेटेगावला आली त्या पहिल्या वर्षांतलं ते पत्र होतं. ‘‘माझी पत्रं नाना वाचायचे का वापरायचे?’’ तिने विचारलं. प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता, पण दिवाळीच्या त्या घटनेनंतर मामाने पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून उत्तर दिलं. ‘‘दोन्ही. आधी आम्हाला सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचे. मग पुढचं येईपर्यंत जपून ठेवायचे, आणि पुढचं आलं की आधीचं मशीनला.’’ थोडं थांबून तो म्हणाला, ‘‘नवीन पट्टी नाही मिळाली तर मशीन बिघडायचंच. नंतर घरोघर फोन आले. कार्डं कोण लिहितंय?’’

आई काही बोलली नाही. तिने पट्टी त्याला परत दिली. मामाने चाक पुन्हा उतरवलं, पट्टी दुहेरी करून अंतर बसवलं आणि मग ती एकेरी करून पॉईंटमधून अलगद ओढून घेतली. कागदावर काळी रेघ उमटली. घासताना बोटांचं तेल आणि पॉलिश पेपरची भुकटी तिथे राहिली होती; इतक्या महिन्यांचा अबोला आता त्या न दिसणाऱ्या पापुद्र्यात उरला होता. चाक चढलं. प्लग काढून मशीनच्या अंगाला टेकवला. पण दिवे लागले होते आणि अंगणातल्या बल्बच्या झगझगाटात ठिणगी असली तरी दिसती ना. मी हाताचा आडोसा केला, आईने पदराचा केला. तेवढ्यात वारा जोरात आला, कुठेतरी फांदी तारेवर पडली असावी, आणि सबंध गावातली वीज गेली. नेहमीसारखा सगळ्या घरांतून एक सुस्कारा उठला.

‘‘ओढ,’’ आई म्हणाली.

मामाने दोरी ओढली. काळोखात, तिघांच्या चेहऱ्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी निळी ठिणगी चटकन बोलून गेली. त्याने पुन्हा ओढली, ती पुन्हा बोलली. त्या क्षणभराच्या निळ्या उजेडात मला आईचं नाक आणि मामाचं नाक एकाच साच्यातलं दिसलं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मशीन त्या रात्री सुरू करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही नुसती दोरी ओढत राहिलो. लहान मुलं फुलबाज्या पेटवत राहतात तशी, आळीपाळीने. आईनेही एकदा ओढली. वीज परत आली तेव्हा नवापूरची शेवटची रिक्षा गेलेली होती आणि ते मामाच्या लक्षात आलं नव्हतं. निदान तसं त्याने सांगितलं. आईनेही या खेपेला कारण तपासून पाहिलं नाही. पापड तळायला घेतले.

मशीन पुढच्या रविवारी चाललं. निळ्या धुरात गाव बुडालं, पिंपातलं निम्मं पाणी तुळशीवर उडालं आणि दीड-दोन मिनिटांच्या त्या घनघोर सफरीनंतर आम्ही निघालो होतो तिथेच पोचलो. मग ते पुन्हा बंद पडलं. पण त्या आठवड्यात आईने मला बोईसरच्या पोस्टातून चार कार्डं आणायला सांगितली. पन्नास पैशांचं कार्ड. त्यातल्या एकावर तिने सावकाश, जाड अक्षरात मजकूर लिहिला आणि वर नवापूरचा पत्ता घातला.

‘‘अगं, रविवारी येईलच तो. आणि फोन आहे की,’’ मी म्हणालो.

‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘मशीनला लागेल.’’